उजळावे की राखावे? मुलाम्याच्या भांड्यांविषयी काही विचार

जुन्या भांड्यावर चढलेला काळेपणा ही घाण समजायची की त्या भांड्याचे वय, हा प्रश्न वरवर पाहता स्वयंपाकघरातला आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी त्यात पडावे असे त्यात काय आहे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर सरळ आहे. त्या भांड्यावर पुष्कळदा काही लिहिलेले असते, आणि जिथे लिहिलेले असते तिथे वाचणाऱ्याचा संबंध येतोच. पोथीवरची धूळ कशी झाडावी याविषयी आपल्या विद्याशाखेत बरीच चर्चा झाली आहे. तबकावरचा काळेपणा कसा काढावा, किंबहुना काढावा की नाही, याविषयी मात्र आपण काही बोललो नाही. तो विषय घरच्या बायकांकडे आणि सोनाराकडे सोपवून आपण मोकळे झालो.

जालन्याहून मंठ्याकडे निघाले की वाटूर फाटा लागतो, आणि तिथून एक रस्ता परतूरकडे वळतो. हा सगळा टापू १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. जुन्या घरांतून वस्तू खाली उतरवण्याचे प्रसंग आता इथे वारंवार येऊ लागले आहेत. वाडे पडतात, वाटण्या होतात, मुले संभाजीनगरला आणि पुण्याला स्थायिक होतात. माळ्यावरच्या पेटीतून मग अत्तरदाणी, गुलाबदाणी, पानदान, तबक, पेले असे काहीबाही निघते. ते काळेभोर असते. 'चांदी आहे का?' हा पहिला प्रश्न असतो, आणि सोनाराने 'नुसता मुलामा आहे' असे सांगितले की घरच्यांचा चेहरा उतरतो. चांदी असती तर मोडीत काढली असती. मुलाम्याला मोड नाही. मग उरतात दोनच वाटा. एक, लग्नकार्यापूर्वी घासून लख्ख करावे किंवा नव्याने मुलामा चढवून घ्यावा. दुसरी, भंगारात द्यावे. तसेच राहू द्यावे ही तिसरी वाट सहसा कोणाला सुचत नाही. तिच्याविषयी काही म्हणावे, असे आम्हांला वाटते.

आधी वस्तू समजून घेऊ. या पेट्यांतून निघणारी बरीच भांडी 'जर्मन सिल्व्हर'ची असतात. या धातूच्या नावात चांदी आहे, धातूत ती अजिबात नाही. तांबे, निकेल आणि जस्त यांचे ते मिश्रण. त्यावर विजेच्या साहाय्याने चांदीचा पातळ थर चढवला की भांड्याच्या बुडाशी 'ई. पी. एन. एस.' ही अक्षरे ठोकीत. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा पत्रा दाबून एकजीव करण्याची युक्ती इंग्लंडातल्या शेफिल्ड येथे १७४० च्या दशकात निघाली, आणि बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये विजेच्या मुलाम्याचे पेटंट घेतले. त्यानंतर मध्यमवर्गाला चांदीची शोभा परवडू लागली. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाडहून हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग परतूर, जालना या भागातून गेला, आणि शहरी बाजारातला माल गाडीने या बाजूला येणे सोपे झाले.

या मुलाम्याची जाडी साधारण काही मायक्रॉनपासून वीस-तीस मायक्रॉनपर्यंत असते. माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो असे धरले, तर भांड्यावरची सगळी चांदी केसाच्या निम्म्याहूनही पातळ ठरते. निर्णयाचे सगळे गांभीर्य या आकड्यात आहे. भरीव चांदीचे ताट शंभर वर्षे घासले तरी ते ताट राहते. मुलाम्याचे ताट दहा-वीस दिवाळ्यांत कडेने लालसर किंवा पिवळट दिसू लागते, आणि एकदा आतला धातू दिसला की तो पुन्हा झाकण्याचे सामर्थ्य कोणत्याही पावडरीत नाही.

आता काळेपणाचे. चांदीला हवेतला ऑक्सिजन फारसा त्रास देत नाही. तिचे वैर गंधकाशी. हवेतल्या गंधकयुक्त वायूंशी संयोग होऊन पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा थर तयार होतो. आधी तो फिकट पिवळा दिसतो, मग तपकिरी, मग निळसर जांभळा, आणि शेवटी काळा. हा काळेपणा बाहेरून येऊन चिकटलेली काजळी आहे, असा आपला समज असतो. तसे ते नसते. सिल्व्हर सल्फाइडच्या वजनात सुमारे ८७ टक्के चांदीच असते. म्हणजे चिंच, राख, रांगोळी किंवा दंतमंजन यांनी घासून फडक्यावर जो काळा डाग आपण उतरवतो, त्या डागात गंधक थोडे आणि आपल्याच भांड्याची चांदी फार. घासताना काळ्या थराखालची निरोगी चांदीही खरवडून निघते, ती वेगळीच. आणि स्वच्छ झालेला पृष्ठभाग पुन्हा काळा पडायला मोकळा होतो.

इथवरचा मुद्दा काटकसरीचा झाला. अक्षरांचा मुद्दा त्याहून मोठा आहे.

भांड्यांवर नावे घालण्याची आपल्याकडची पद्धत सर्वांना परिचित आहे. पूर्वी कासार किंवा नाव घालणारा कारागीर छिन्नी-हातोडीने, पुष्कळदा ठिपक्याठिपक्यांनी, अक्षरे काढी. पुढे विजेचे यंत्र आले. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही एकदा घरच्या जुन्या भांड्यांवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवून आणायला सांगितला. हेतू होता जुन्या लेखनपद्धतीचे नमुने मिळवण्याचा. हाती आले ते अधिक होते. कोणी दिले, कोणाला दिले, कोणत्या कार्यात दिले, तिथी कोणती, गाव कोणते, इतके सगळे चार-पाच शब्दांत बसवलेले. एका तबकावर गावाच्या पुढे जिल्हा परभणी लिहिलेला होता. मुलांना ती चूक वाटली. ती चूक नव्हती. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला, आणि परतूर तालुका तोवर परभणीत होता. त्या एका शब्दाने तबकाचे वय निदान एका बाजूने बांधले गेले. दुसऱ्या एका पेल्यावर सन होता, पण तो इसवी नव्हता, शकही नव्हता. निजामाच्या राज्यात चालणाऱ्या फसली सनात सुमारे ५९० मिळवले की इसवी सन येतो, हे सांगितल्यावर त्या मुलाच्या घरातल्या पेल्याला एकदम आजोबांच्या पिढीच्याही मागचा काळ मिळाला.

आणि नावे. जुन्या कागदपत्रांत या भागातल्या बायका शोधायला गेले तर फारसे काही हाती लागत नाही. सातबाऱ्यावर नवऱ्याचे नाव, शाळेच्या दाखल्यावर बापाचे, देवळाच्या देणगीफलकावर घराण्याचे. लग्नानंतर आडनावच काय, पुष्कळदा पहिले नावही बदलले जाई. माहेरच्या नावाने तिला ओळखणारी माणसे एकेक करून गेली की ते नाव गेले. पण माहेरहून आलेल्या भांड्यावर ते कधीकधी राहून गेलेले असते. आमच्या एका विद्यार्थिनीला पणजीचे माहेरचे नाव पानदानाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सापडले. घरात ते कोणालाही ठाऊक नव्हते. झाकणाची बाहेरची बाजू घासून गुळगुळीत झाली होती. आत हात पोहोचत नव्हता, म्हणून नाव उरले. मराठी स्त्रियांच्या लेखनाचा इतिहास आपण पुस्तकांतून शिकवतो. त्यांच्या नावांचा इतिहास भांड्यांच्या आतल्या बाजूला असा पडून आहे, आणि दर सणाला तो थोडा थोडा पुसला जातो.

घासण्याने अक्षरे एकदम जात नाहीत. आधी त्यांच्या कडा बोथट होतात. मग उथळ खुणा जातात. अनुस्वार हा एकच ठिपका असल्यामुळे तो सगळ्यांच्या आधी जातो. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये आले आणि अनुच्चारित अनुस्वार लिहिण्यातून गेले, हे आपण वर्गात सांगतो. त्यापूर्वीच्या भांड्यांवर ते अनुस्वार आहेत, आणि त्यांवरूनही काळाचा अंदाज बांधता येतो. नियमांनी जे वहीतून काढले ते राखेने आणि चिंचेने तबकावरूनही काढावे, असा काही नियम नाही! आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. खोदलेल्या रेघांत साचलेला काळेपणा हीच त्या अक्षरांची शाई असते. उजळ पृष्ठभागावर काळ्या रेघा वाचता येतात. रेघाही उजळल्या की अक्षर डोळ्यांसमोर असून दिसत नाही. ॲल्युमिनियमचा कागद, गरम पाणी आणि सोडा यांत भांडे बुडवण्याचा उपाय हल्ली घरोघरी पोहोचला आहे. त्यात खरवडणे नाही, सल्फाइडची पुन्हा चांदी होते, म्हणून तो निर्दोष मानला जातो. परंतु तो खोबणीतला काळेपणाही काढून टाकतो, मागे राहणारा पृष्ठभाग निस्तेज आणि सच्छिद्र असतो, आणि असा पृष्ठभाग अधिक लवकर काळवंडतो.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला यात ओळखीचे काही दिसावे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीच्या प्रती पाहून शुद्ध पाठ सिद्ध केला. तीनशे वर्षांत हातोहात होत गेलेल्या नकलांमुळे ग्रंथावर जे चढले होते ते त्यांना दोष वाटले, आणि ते त्यांनी दूर केले. ते काम भक्तीचे होते, वापराचे होते. ग्रंथ वाचला जावा म्हणून केलेले होते. पुढे १९०९ मध्ये वि. का. राजवाडे यांनी ज्ञानेश्वरीची एक प्रत प्रसिद्ध केली आणि ती एकनाथपूर्व असल्याचे प्रतिपादन केले. राजवाड्यांना हवा होता तो उजळण्यापूर्वीचा पाठ, त्यातल्या जुन्या रूपांसह. त्यांच्या पाठाविषयी वाद झाले, पण त्यांच्या इच्छेचे मोल त्याने कमी होत नाही. एकनाथ आणि राजवाडे यांपैकी एकाची निवड करा असे आम्ही कोणाला सांगणार नाही. नित्य पारायण करणाऱ्याला एक प्रत लागते, भाषेचा इतिहास लिहिणाऱ्याला दुसरी. ग्रंथाच्या बाबतीत दोन्ही प्रती शेजारीशेजारी ठेवता येतात. भांड्याच्या बाबतीत ती सोय नाही. ते एकच असते, आणि उजळणी त्याच्याच अंगावर होते.

म्हणूनच प्रतिपक्षाचे म्हणणे नीट ऐकले पाहिजे. देवघरातले काळे भांडे आपल्याला खपत नाही. सणापूर्वी देव उजळणे हा आपल्या घरांतला विधीच आहे, आणि 'उजळणे' या क्रियापदातच एक आनंद आहे. टाकांचे उदाहरण घ्या. खंडोबा, भवानी, रेणुका, घराण्यातले वीर यांचे टाक चांदीच्या पातळ पत्र्यावर ठसा उठवून करतात, आणि पाठीमागे पुष्कळदा तांब्याचा पत्रा असतो. म्हणजे तोही एका अर्थाने मुलाम्याचाच प्रकार. पिढ्यान्पिढ्या घासून टाकावरचे नाकडोळे जातात. तेव्हा घरातली माणसे दुःखी होत नाहीत. नवे टाक करवून घेतात, आणि देव तोच राहतो. या दृष्टीने झिजणे हा नाश होत नाही, ती सेवेची पावती असते. हे म्हणणे आम्हांला मान्य आहे. पूजेतल्या वस्तूवर पहिला अधिकार पूजा करणाऱ्यांचा आहे, आणि अभ्यासकाने तिथे वस्तुसंग्रहालयाचे नियम लावू नयेत. मात्र टाकावरचा देव पुन्हा घडवता येतो, कारण त्याचे रूप परंपरेला पाठ आहे. पानदानावरचे पणजीचे नाव कोणालाच पाठ नाही. या दोन झिजा सारख्या नाहीत, हा आमच्या सगळ्या म्हणण्याचा कणा आहे.

पश्चिमेकडे हा वाद जुना आहे. चर्चच्या जुन्या भिंती खरवडून नव्या करण्याच्या लाटेविरुद्ध कवी विल्यम मॉरिस याने १८७७ मध्ये संस्था काढली. तिला 'खरवडविरोधी' या अर्थाचे टोपणनाव मिळाले. ऑस्ट्रियातला कलेतिहासकार अलॉइस रीग्ल याने १९०३ मध्ये स्मारकांच्या मूल्यांची मांडणी करताना वयाचे मूल्य आणि नवेपणाचे मूल्य वेगळे काढून दाखवले, आणि ही दोन मूल्ये एकमेकांच्या वाटेत येतात हेही सांगितले. आपली तबके याच दोहोंच्या मध्ये सापडली आहेत. उजळण्याचा अतिरेक कुठवर जातो याचे उदाहरण म्हणून पार्थेनॉनच्या शिल्पांकडे बोट दाखवतात. १९३७-३८ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये ती पांढरी दिसावीत म्हणून धातूच्या हत्यारांनी घासली गेली, आणि त्यांचा मूळ पृष्ठभाग काही ठिकाणी कायमचा गेला.

उलट बाजूचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराच्या गाभाऱ्याचे संवर्धन २०२४ मध्ये झाले. तेव्हा भक्तांनी श्रद्धेने चढवलेले चांदीचे आवरण उतरवण्यात आले आणि आतले जुने दगडी काम पुन्हा दिसू लागले. तिथे चांदी हाच वरचा थर होता, आणि तो काढणे हे राखणे ठरले. म्हणजे 'काही काढू नका' हे सूत्रही आंधळेपणाने चालवता येत नाही. प्रत्येक वेळी विचारावे लागते की कोणता थर काय सांगतो, आणि तो काढल्याने आपण काय वाचू शकू व काय गमावू.

आणखी एक आक्षेप आम्ही स्वतःलाच घेतो. काळेपणाचे कौतुक ही सुखवस्तूंची चैन तर नाही? जपानी लेखक ज्युनइचिरो तानिझाकी याने १९३३ च्या सुमारास लिहिलेल्या छायेविषयीच्या प्रसिद्ध निबंधात काळवंडलेल्या चांदीविषयी प्रेमाने लिहिले आहे. चकाकी गेल्यावरच ती आपल्याला आवडू लागते, असा त्याचा सूर आहे. पण त्याच ठिकाणी, जपून आणलेला तो काळेपणा घासून टाकणाऱ्या मोलकरणीला मालकाचे बोल खावे लागतात, असाही उल्लेख येतो. आम्हांला तो उल्लेख बोचला. तिकडे घासले म्हणून मोलकरणीला बोल. इकडे घासले नाही म्हणून सुनेला. भांड्याच्या लखलखाटावरून घरच्या बाईची परीक्षा करणाऱ्या समाजात 'घासू नका' असे सांगणे म्हणजे निदान एका कामातून तिची सुटका आहे, असे आम्ही विनोदाने म्हणत असतो. विनोद बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतो. मुलाम्याचीही भांडी ज्यांच्या घरी नव्हती, त्यांचे काय? त्यांची नावे पितळेवर आहेत, जर्मलच्या डब्यांवर आहेत, १९७० नंतरच्या स्टीलच्या पेल्यांवर आहेत. स्टील काळवंडत नाही, पण मोडीत मात्र सहज जाते. वाचण्याची ही दृष्टी चांदीपुरती राहिली तर ती वाड्यांचीच बखर होईल. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही हे मुद्दाम सांगतो, की घरात जे असेल ते वाचा.

इतके झाल्यावर प्रत्यक्ष काय करावे, याविषयी आमचे मत थोडक्यात असे.

सापडलेले मुलाम्याचे भांडे लगेच घासू नये. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ सुती फडके एवढ्याने धूळ व चिकटा काढावा आणि ते पूर्ण कोरडे करावे. मग ते वाचावे. दिवा बाजूला धरून तिरक्या उजेडात पाहिले की सपाट वाटणाऱ्या पृष्ठभागावर अक्षरे उठतात. त्याच उजेडात फोटो काढावा. मजकूर जुन्या अनुस्वारांसह, चुकांसह, जसाच्या तसा वहीत उतरवावा आणि घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीला वाचून दाखवावा. काळ्याची काळजी नको; तो शांत असतो. हिरवा दिसला तर मात्र लक्ष द्यावे. तो आतल्या तांब्याचा गंज असतो, आणि चिंच-लिंबाच्या राहिलेल्या आंबटपणाने तो वाढतो. तिथे स्वच्छता टाळणे हा निष्काळजीपणा होईल.

भांडे रोजच्या किंवा सणाच्या वापरात राहणार असेल, तर पाण्यात कालवलेल्या अगदी बारीक खडूच्या भुकटीने, हलक्या हाताने, नाव सोडून बाकीचा भाग पुसावा. वारंवार वापरून कोरडे पुसले जाणारे भांडे मुळातच कमी काळवंडते. ठेवणीत ठेवायचे असेल तर लोकरीत गुंडाळू नये आणि रबरबँड लावू नये, कारण दोहोंत गंधक असते. नव्याने मुलामा देण्यापूर्वी जुना थर उतरवून पृष्ठभाग घोटून घेतात. अक्षरे असतील तर ती अशा वेळी हमखास जातात. म्हणून नाव असलेल्या भांड्याला नवा मुलामा देऊ नये, असे आम्ही आग्रहाने म्हणू. नाव नसलेल्या, कलाकुसर नसलेल्या भांड्याचे घरच्यांनी हवे ते करावे. प्रत्येक जुनी वस्तू वारसा असतेच असे नाही.

एक इशारा बिदरीविषयी. बिदरच्या आणि संभाजीनगरच्या कारागिरांची ही कला मराठवाड्याला परकी नाही. जस्त आणि तांब्याच्या मिश्रणाचे भांडे, त्यात चांदीची जडण, आणि शेवटी विशिष्ट मातीच्या लेपाने मुद्दाम आणलेला गडद काळा रंग. चांदी उठून दिसावी म्हणूनच ती पार्श्वभूमी काळी केलेली असते. घरात आलेले बिदरीचे भांडे मळले आहे असे समजून ते घासणाऱ्याने कारागिराचे अर्धे काम पुसलेले असते. काळा रंग हा नेहमी उपेक्षेचा पुरावा नसतो, हे शिकायला याहून जवळचे उदाहरण नाही.

निर्णयाची कसोटी आमच्या दृष्टीने एवढीच आहे. राहू दिलेला काळेपणा उद्या, दहा वर्षांनी, अधिक जाणत्या हातांनी काढता येईल. काढलेली अक्षरे कोणालाही परत आणता येणार नाहीत. ज्या कृतीवर पुढच्यांना फेरविचार करता येतो ती कृती आधी करावी, हे ग्रंथसंपादनात आपण मानतो. तेच माळ्यावरच्या पेटीपाशीही मानावे. या दिवाळीत वाटूरला किंवा आणखी कुठे एखादी पेटी उघडली जाईल. त्या वेळी घरात मराठीचा एखादा विद्यार्थी असेल, तर राखेची वाटी येण्याआधी त्याने ते तबक उजेडात तिरके धरून पाहावे, इतकीच आमची अपेक्षा आहे.